कोल्हा, बेडूक आणि मृगाची बाकी

(मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, घरातली वऱ्हाडी बोली मात्र जशी बोलले तशीच ठेवली आहे.)

दिग्रसच्या एका ताईंचा प्रश्न आला होता. त्या म्हणतात, माझी रास वृषभ, म्हणजे माझा प्राणी बैल. माझं नक्षत्र मृग, म्हणजे हरिण. पण कॅलेंडरमध्ये मृग नक्षत्राखाली लिहिलंय, वाहन कोल्हा. मग माझा खरा प्राणी कोणता?

प्रश्न वाचून आधी हसू आलं. मग हसू थांबलं, कारण याच कोल्ह्यावरून गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये, माझ्या माहेरी बाप-लेकांचं बोलणं बंद झालं होतं. माझं माहेर घाटंजी तालुक्यात. मी यवतमाळला राहते, आठवीला गणित शिकवते. म्हणजे पंचांगाची जाणकार मी नाही. पण हा कोल्हा मी मोजून काढलेला आहे, आणि तुम्हालाही काढता येईल, पाचवीतला भागाकार येत असेल तर. आजचा भाग त्यावरच आहे.

आधी ताईंचा गोंधळ सोडवू. आपल्याकडे आकाशाला जनावरं चिकटवायच्या तीन वेगवेगळ्या रीती आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

पहिली रीत राशीची. बारा राशींपैकी मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू आणि मासे ही सहा सरळ जनावरं. मकर म्हणजे मगरीसारखा एक जलचर. धनूच्या जुन्या चित्रांत धनुर्धाऱ्याला घोड्याचं अंग असतं. ही चित्रं ताऱ्यांच्या आकारावरून आली असं म्हणतात, पण खरं सांगू का, विंचू सोडला तर मला आजवर एकही नीट दिसलेला नाही. विंचू मात्र दिसतो. आत्ता मे-जूनच्या रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर जा, दक्षिणेकडे पाहा. एक तांबूस तारा दिसेल, ती ज्येष्ठा. तिच्या खाली वळलेली नांगी. गावात लाइट गेलेली असेल तर लहान पोरगंही बोटाने दाखवतं.

दुसरी रीत योनीची. ही लग्नाच्या पत्रिका जुळवताना निघते. सत्तावीस नक्षत्रांना चौदा जनावरं वाटून दिलेली आहेत, घोडा, हत्ती, साप, मांजर, उंदीर, वाघ वगैरे. ताई, तुमच्या मृग नक्षत्राची योनी आहे सर्प. हरिण नाहीच. हरिणयोनी आहे अनुराधा आणि ज्येष्ठा नक्षत्रांची, म्हणजे त्या विंचवाच्या अंगातल्या नक्षत्रांची. आता करा काय करायचं ते. मांजराचं नक्षत्र आणि उंदराचं नक्षत्र जुळत नाही म्हणून मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत, पण तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी रागाने बोलेन.

तिसरी रीत वाहनाची, आणि शेतकऱ्याचा संबंध हिच्याशी. राशीचं आणि योनीचं जनावर जन्मभर बदलत नाही. वाहन दर वर्षी बदलतं. ते माणसाचं नसतंच मुळी, ते पावसाचं असतं. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या ७-८ तारखेला तो मृगात शिरतो. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, अशी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पावसाची नक्षत्रं. आमच्याकडे कोणी पुनर्वसू-पुष्य म्हणत नाही, तरणा आणि म्हातारा म्हणतात. मृगाचा मिरग होतो. प्रत्येक नक्षत्र त्या वर्षी एका जनावरावर बसून येतं, आणि जनावर कोणतं यावरून पाऊस कसा ते सांगायचं. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाण्यात रमणारी, म्हणजे भरपूर पाऊस. कोल्हा आणि मेंढा आले की पावसाची ओढ. घोडा आला तर पाऊस डोंगराकडे. मोर, उंदीर, गाढव मधलेअधले. पंचांगापंचांगात यात थोडाफार फरक सापडेल, पण गावात एवढंच चालतं.

आणि मृगाची अजून एक गंमत. मिरग लागला की पोरं आकाशात हरिण शोधतात. ते तेव्हा दिसत नाही, कारण त्याच जागी सूर्य बसलेला असतो. मृग दिसतो हिवाळ्यात, संध्याकाळी पूर्वेला. चार कोपऱ्यांना चार तारे, मधे तीन ताऱ्यांचा बाण, आणि थोडा खाली मागे व्याध. मार्गशीर्ष महिन्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणजे ज्या नक्षत्राची शेतकरी डोळ्यांत तेल घालून वाट पाहतो, ते तो लागलेला असताना कोणीही पाहू शकत नाही. मला हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

२०२५चा मे आठवतोय ना? उन्हाळा उन्हाळ्यासारखा झालाच नाही. मान्सून केरळात २४ मेला आला, एरवी १ जूनच्या आसपास येतो. मुंबईत तर २६ मेलाच पोचला, जिथे ११ जून धरतात. आमच्याकडे मान्सून नव्हता, पण वळवाचे पाऊस असे पडले की वखरलेल्या वावरात पाय रुतत होते. टीव्हीवर मुंबई तुंबलेली दिसत होती. माझा धाकटा भाऊ, शेती तोच करतो, त्याला वाटलं यंदा आपण पंधरा दिवस पुढे. कृषी विभाग सांगतो १ जूनच्या आधी कापूस लावू नका, बोंडअळीचं चक्र तुटत नाही. ते त्याने पाळलं. २ जूनला मजूर लावून तीन एकरांत सरकी टोबली. सहा पाकिटं. गेल्या वर्षी पाकीट ९०१ रुपयांना होतं, म्हणजे नुसतं बियाणं पाच हजार चारशेच्या वर. मजुरी वेगळी.

बाबा नको म्हणत होते. फोनवर मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"कोल्हा हाय यंदा मिरगाले. थांब."

"मेमधी एवढं पानी पडलं, बाबा. आता कायचा कोल्हा?"

मी भावाच्या बाजूने होते. स्पष्ट सांगते. गणित शिकवणारी बाई कोल्ह्याच्या बाजूने कशी जाईल? मी फोनवर म्हटलंसुद्धा, बाबा, कॅलेंडरवरचा कोल्हा वावरात येत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते फक्त आमच्या घरी झालं नाही. मेच्या शेवटी मान्सूनने जी बसकण मारली ती जूनच्या मध्यापर्यंत उठला नाही. आमच्या शिवारात त्या काळात मातीचा वास यावा एवढा एक शिरवा आला, बस्स. सरकी उगवली, दोन पानांवर आली आणि उन्हाने मान टाकली. काही जागी उगवलीच नाही. भावाने पंधरा दिवस तिकडे पाहणं सोडलं. मग खरा पाऊस आला तेव्हा पुन्हा पाकिटं आणली, पुन्हा मजूर. कृषी केंद्रात उधारी वाढली. आणि बाबा ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, मी म्हटलं होतं, कोल्हा हाय.

भाऊ त्यांच्याशी बोलेना. जेवायला वेगळ्या वेळी बसायचा. आई मला फोन करून रडायची. म्हणून मी आले, आणि म्हटलं, आपण जे करू शकतो ते करू. हा कोल्हा येतो कुठून ते पाहू.

कृती सोपी आहे. लिहून घ्या, किंवा हे वाचत असाल तर कागद घ्याच.

सत्तावीस नक्षत्रं क्रमाने लिहा. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण, धनिष्ठा, शततारका, पूर्वाभाद्रपदा, उत्तराभाद्रपदा, रेवती. सूर्य नव्या नक्षत्रात ज्या क्षणी शिरतो, त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पंचांगात पाहा. सूर्याच्या नक्षत्राला एक म्हणा आणि चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजत जा. शेवटी पोचलात तर पुन्हा अश्विनीपासून पुढे. आलेल्या आकड्याला नऊने भागा. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि काहीच नाही उरलं तर हत्ती.

झालं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असेल.

२०२५चं करून पाहू. सूर्य ८ जूनला सकाळी मृगात शिरला. चंद्र तेव्हा स्वातीत. मृग एक, आर्द्रा दोन, असं करत स्वाती येते अकरावी. अकराला नऊने भागलं, बाकी दोन. कोल्हा. बरोबर आला. आदल्या वर्षीचं, २०२४चं घ्या. सूर्य ७ जूनच्या मध्यरात्रीनंतर मृगात गेला, चंद्र शेजारी आर्द्रातच होता. मृग एक, आर्द्रा दोन. पुन्हा कोल्हाच. २०२५चे आर्द्रा, तरणा, म्हातारा सगळे काढले. उंदीर, घोडा, मोर. कॅलेंडरशी ताळा जुळला. मला नववीत पहिल्यांदा पायथागोरस जमला होता तसा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मग पंचांगाचं ८ जूनचं पान पुन्हा पाहिलं आणि तिथेच थांबले. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. ८ जूनला स्वाती दुपारपर्यंतच होती. दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास चंद्र विशाखात गेला. विशाखा म्हणजे बारावी. बाराला नऊने भागलं की बाकी तीन.

बेडूक.

समजलं का? सूर्य पाच-सहा तास उशिरा मृगात शिरला असता तर त्याच वर्षी, त्याच आभाळाखाली, कॅलेंडरवर बेडूक छापला गेला असता. भरपूर पाऊस. आणि बाबा म्हणाले असते, बेडूक हाय, टोबा. भावाची सरकी तशीच मेली असती, फक्त दोष बाबांवर गेला असता.

अजून एक गोष्ट मोजता मोजता दिसते. या गणितात गावाचं नाव कुठेच येत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे हजाराच्या आतबाहेर. पण सूर्य मृगात सगळ्यांसाठी एकाच वेळी शिरतो, चंद्र सगळ्यांना एकाच नक्षत्रात दिसतो, म्हणून कोकणातल्या भाताला आणि घाटंजीच्या कापसाला एकच कोल्हा. गेल्या वर्षी कोकणात तर कोल्हा येण्याच्या दोन आठवडे आधीच मान्सून येऊन बसला होता. तसंच, एक ते सत्तावीसपर्यंत मोजलं तर प्रत्येक जनावर बरोबर तीन-तीनदा येतं. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्याला हत्ती मिळण्याची शक्यता जेवढी, तेवढीच जुलैच्या शेवटच्या पंधरवड्याला. पाऊस मात्र असा समान वाटणी करत नाही. जुलै-ऑगस्टला तो जास्तच पडतो, जनावर कोणतंही असो.

नक्षत्रांच्या तारखांचंही तसंच. आपण समजतो ७ जून म्हणजे मृग, हे अनादी काळापासूनचं. तसं नाही. आपलं पंचांग ताऱ्यांवर वर्ष मोजतं आणि ऋतू चालतात सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावर. या दोन वर्षांत वीस मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण साठत साठत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. शिवाजी महाराजांच्या काळात ऋतूंच्या हिशेबाने मृग आजच्यापेक्षा पाचेक दिवस आधी लागत होता. हजार वर्षांपूर्वी दोन आठवडे आधी, म्हणजे अख्खं एक नक्षत्र. ज्यांनी पहिल्यांदा मृग आणि पाऊस यांची गाठ बांधली त्यांचा मृग वेगळ्या वेळी यायचा. आपण गाठ तीच ठेवली, दोरी सरकली.

हे सगळं कागदावर मांडून मी ओसरीत गेले. मनात थोडा विजयाचा भाव होता, तो लपवत नाही. बाबांना म्हटलं, बाबा, हे बघा, दुपारनंतर बेडूक होता.

बाबांनी कागद पाहिला. चष्मा लावून पाहिला. त्यांना बाकी काढता येते, जुनी सातवी आहेत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत भाऊ नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले,

"मी कोल्हा पाहून नव्हतो सांगत, माय. मी वावरात बोट घालून पाह्यलं होतं. वर दोन बोटं ओल, खाली भुकटी. वळवाचं पानी ते. उन्ह पडलं का गेलं."

"मग तसंच सांगायचं ना त्याला."

"सांगतलं ना. तो म्हणे तुमाले काय समजते. माह्यं कोन ऐकते आता? म्हटलं कोल्ह्याचं तरी ऐकीन."

मला पुढे बोलता आलं नाही. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून आहे.

तुम्हाला वाटेल, म्हणजे बाबा वाहन मानत नाहीत. तसंही नाही हो. मानतात. मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या वर्षी मृगाला हत्ती होता. बाबांनी एक पाऊस झाल्याबरोबर सगळं वावर पेरून टाकलं, हत्ती आहे म्हणून. नंतर वीस-बावीस दिवस उघाड. पेरा मोडला. दुबार पेरणीला पैसा नव्हता, बँकेचं कर्ज आधीचंच थकलेलं. आईची पोत गेली सावकाराकडे, ती परत आली नाही. आईने आजतागायत त्या हत्तीचं नाव काढलं नाही, पण हस्ताचा पाऊस लागला आणि कोणी 'हत्ती लागला' म्हटलं की ती उठून आत जाते.

हस्तावरून आठवलं. हस्त म्हणजे हात, पण खेड्यापाड्यात त्याचा हत्ती कधी झाला कोणाला माहीत. पश्चिम महाराष्ट्रात पोरी हादग्याला हत्तीचं चित्र काढून भोवती फेर धरतात. आमच्याकडे हादगा नाही, भुलाबाई असते. तर लोकांच्या तोंडी हस्त हा हत्ती, पत्रिकेत त्याची योनी म्हैस, आणि २०२५ला त्याचं वाहन होतं मोर. एका नक्षत्रावर तीन जनावरं. दिग्रसच्या ताई, तुम्ही एकट्याच गोंधळलेल्या नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, पण कोल्हा बरोबर निघाला ना? निघाला. आणखीही सांगते. १७ ऑगस्टला मघा लागल्या, वाहन बेडूक. आणि त्याच दिवसांत नांदेडकडे मुखेड तालुक्यात गावं पाण्याने वेढली, आमच्याकडे नाले वावरातून वाहिले. बाबांनी फोन करून एवढंच विचारलं, काय गं, बेडूक कसा हाय? मी काय बोलणार? नऊपैकी तीन जनावरं भरपूर पावसाची. ऑगस्टच्या मध्यात त्यातलं एक येणं आणि पाऊस पडणं हे बऱ्याचदा जमणारच. जमलं की आपण वर्षभर सांगतो. त्या हत्तीसारखं फसलं की घरात कोणी नाव काढत नाही.

पंचांगकर्त्यांवरही अन्याय नको. ते नुसत्या वाहनावर अंदाज देत नाहीत, त्यात नाड्या असतात, स्त्री-पुरुष योग असतात, बरंच काही असतं. कॅलेंडरच्या चौकोनात जागा थोडी, म्हणून जनावर तेवढं उरतं. आणि मोजमापाचं आपल्याला वावडं होतं असंही नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पाऊस भांड्यात साठवून मोजायची रीत सांगितली आहे. भांडं केवढं, माप कोणतं, सगळं. ते आपण विसरलो. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, वावरात धान्य आणि घागर मांडून दुसऱ्या पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत करतात. ते ऐकायला माणसं लांबून येतात, बातम्यांत येतं. मी त्यांना हसणार नाही. ज्याचं वर्ष एका पावसावर टांगलेलं आहे, तो जिथून शब्द मिळेल तिथून घेणार.

आणि हवामान खात्याचा अंदाज तरी कोणाला पुरतो? अंदाज असतो जिल्ह्याचा, विजांसह तुरळक ठिकाणी पाऊस. तुरळक म्हणजे माझ्या भावाचं वावर की शेजारच्याचं? पावसाची अधिकृत नोंद होते महसूल मंडळाच्या केंद्रावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. ते केंद्र आमच्या वावरापासून कितीतरी लांब आहे. तिकडे कोसळतं आणि आमचं कोरडं, किंवा उलटं. पण एक आकडा मात्र कृषी विद्यापीठवाले आणि खातेवाले दर वर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका. बाबांच्या बोटाने जे पाहिलं, तेच हे, फक्त आकड्यात.

तर आम्ही काय केलं. मी भावाला कागद दाखवला नाही. बाबांनी नको म्हटलं होतं, "तुह्या भावाले सांगू नको, कोल्हा असू दे." मी फक्त एक सरळ उभ्या भिंतीचा पत्र्याचा डबा आणला, गोडेतेलाचा छोटा येतो तसा, वरचं तोंड पूर्ण कापलेला. तळ आणि तोंड सारखंच रुंद असलं की झालं. धुऱ्यावर, झाडापासून दूर, दगडांत पक्का बसवला. रोज सकाळी आत शाळेची पट्टी उभी धरायची. पाणी जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस. मग डबा रिकामा करायचा. ओलीसाठी बाबा म्हणतील तिथे कुदळीने वीतभर उकरून पाहायचं.

पट्टी कोण धरणार, हा प्रश्न होता. बाबांना वाकवत नाही. भाऊ पहिले चार दिवस गेलाच नाही. पाचव्या दिवशी रात्री चांगला पाऊस झाला, आणि सकाळी आई सांगते, तो आपणहून गेला आणि ओसरीसमोर येऊन कोणाकडेही न पाहता म्हणाला, "एकवीस." बाबांनी कॅलेंडर काढलं, आर्द्राच्या उंदराशेजारी पेनाने २१ लिहिलं. दोघं त्याहून जास्त काही बोलले नाहीत. पण जेवायला त्या दिवशी एकत्र बसले.

ते कॅलेंडर मी दिवाळीत पाहिलं. कोल्ह्यापुढे काहीच नाही, तेव्हा डबा नव्हता. उंदरापुढे चार-पाच आकडे. घोड्यापुढे गिचमिड. बेडकापुढे जागा संपली म्हणून आकडे समासात गेले आहेत. एका जागी नुसती रेघ आहे. त्या दिवशी डबाच वाहून गेला होता, बाबा सांगतात.

शाळेत मी हे आठवीच्या वर्गाला दिलं. बाकीच्या भागाकारावर आजवर एवढा दंगा वर्गात कधी झाला नव्हता. एका पोराने विचारलं, मॅडम, गाढव आलं तर कापसाचा विमा काढायचा का? मी म्हटलं, हत्ती आला तरी काढ.

यंदाचा मृग अजून लागायचा आहे. त्याचं वाहन मी सांगणार नाही. तारीख आणि चंद्राचं नक्षत्र तुमच्या घरच्या कॅलेंडरमध्ये छापलेलं आहे, कृती वर दिली आहे. मोजा, आणि मोजून झाल्यावर सूर्य शिरण्याच्या वेळेच्या आसपास चंद्र नक्षत्र बदलतो आहे का तेही पाहा. बदलत असेल तर तुमच्या जनावराच्या शेजारी दुसरं कोणतं उभं आहे ते मला कळवा. कोणाकडे जुनी कॅलेंडरं जपून ठेवलेली असतील, आणि समासात पावसाच्या नोंदी असतील, तर त्या पानांचे फोटो पाठवा. वीस-पंचवीस वर्षांची पानं जमली तर पुढच्या एखाद्या भागात जनावर आणि पाऊस समोरासमोर मांडू.

भावाने यंदा नवा डबा बसवलाय, तारेने बांधून. सरकी अजून आणलेली नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, बाबाले विचार, ते सांगतीन तवा.

भेटू पुढच्या भागात.